पक्की वही

यंत्राने मला कैद केले, असे आमच्या संस्थेत सगळे म्हणतात, आणि सहानुभूतीने म्हणतात. हे विधान मला मान्य नाही. कैद करणाऱ्याला हेतू लागतो. आमच्या नियंत्रक यंत्राला हेतू नव्हता. त्याला स्मरण होते, आणि ते स्मरण ज्याने घडवले तो मनुष्य आज हे लिहीत आहे. तेव्हा मी प्रथम कैदेचे मोजमाप सांगतो. कैदी आणि तुरुंगाधिकारी यांच्यात अंतर किती होते, ते वाचकांनी ठरवावे.

मोजमाप पंधरा मिनिटांचे. तासगावबाहेरच्या माळावर आमच्या सहकारी संस्थेचे इंधनघट वीजकेंद्र आहे. नियंत्रकाने बोलावल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत मी, भूपाल मगदूम, मुख्य तंत्रज्ञ, त्याच्या फलकासमोर उभा राहून अंगठा टेकवला पाहिजे, हा नियम. मोटारसायकल असली तरी पंधरा मिनिटांना सीमा असते. एका बाजूला मणेराजुरी रस्त्यावरचा वजनकाटा, दुसऱ्या बाजूला बेदाण्याच्या शीतगृहांची शेवटची रांग. तीन वर्षे दोन महिने मी या दोन खुणांच्या पलीकडे गेलो नव्हतो. केंद्रामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. लग्न केले नाही, त्यामुळे तक्रार करणारे घरात कोणी नव्हते. केस कापणारासुद्धा आठवड्याला केंद्रावर येत असे आणि आरशात माझ्याकडे पाहून म्हणत असे, "साहेब, तुमच्यापेक्षा आमच्या शेळीचा दोर लांब हाय."

आता वीज बनवणाऱ्या यंत्राविषयी. इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, इंधन जळत नाही, हे पहिल्यांदा समजून घ्यावे. झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या, चिनी मातीसारख्या पदार्थाची पातळ तबकडी असते. तिच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला वायू. आमच्याकडे तो द्राक्षांच्या चोथ्यापासून आणि डेअरीच्या शेणापासून बनतो. तबकडी साडेसातशे अंशांपर्यंत तापली की हवेतल्या प्राणवायूचे भारित अणू त्या घन मातीतून आरपार चालत जातात आणि पलीकडच्या वायूशी संयोग पावतात. ज्योत नाही, धूर नाही; त्या संयोगात जे इलेक्ट्रॉन मोकळे होतात ते तारेतून बाहेर पडतात, आणि हीच आपली वीज. अशा शेकडो तबकड्या एकीवर एक रचल्या की एक थप्पी होते. आमच्या केंद्रात अठ्ठेचाळीस थप्प्या आहेत. तालुक्याचे रुग्णालय, एकतीस गावांचे पाणी आणि सगळी शीतगृहे त्यांच्यावर चालतात.

या मातीला दोन खोडी आहेत. पहिली अशी की ती घाईने थंड करता येत नाही. तबकडीचे थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि तिला तडे जातात. दुसरी खोड अशी की वायूच्या अंगाला असलेले निकेलचे बारीक कण काळाने एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि घट म्हातारा होतो. जगभर अशा थप्प्या पाच वर्षांत मोडीत निघत. आमच्या थप्प्या सातव्या वर्षी ताज्या होत्या. कारण 'उलट श्वास'. घटाला काही मिनिटे उलट चालवायचे, त्याच्याकडून वीज घेण्याऐवजी त्याला वीज द्यायची. निकेलची छिद्रे पुन्हा मोकळी होतात. मिनिटे कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर थरच सुटतो. कोणत्या थप्पीला, केव्हा, किती मिनिटे, याचे सूत्र कोणालाही बांधता आलेले नाही; तो निर्णय माणसाचा. या पद्धतीबद्दल मला दोन पुरस्कार मिळाले आहेत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

बाहेरच्या जाळ्यातून शिरून कोणीतरी एका राज्याची वीज दीड दिवस बंद पाडली, तेव्हापासून अशा केंद्रांचे नियंत्रक बाहेरच्या जगापासून तोडलेले असतात. म्हणून फोनवरून आदेश देता येत नाही. बहुतेक काम नियंत्रक स्वतः करतो. त्याला शंका आली की तो फलकावर नाव दाखवून माणसाला बोलावतो, फोन पाळीवरचे कोणीतरी करते, आणि माणूस आला नाही तर त्याच्या समजुतीप्रमाणे सर्वांत सुरक्षित मार्ग धरतो: वायू तोडतो, थप्प्यांत नायट्रोजन भरतो, केंद्र थंड करतो. अठ्ठेचाळीस थप्प्यांना तडे, आणि नव्याने उभारायला नऊ महिने.

शुक्रवारी सकाळी अक्काचा फोन आला.

अक्का म्हणजे रत्नप्रभा मगदूम, माझी थोरली बहीण. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिने मला वाढवले आणि मिरजेच्या शाळेत चौतीस वर्षे मराठी शिकवले.

"भूपा, गुरुवारी सकाळी साडेआठला," ती म्हणाली. आवाज खरवडल्यासारखा येत होता.

"काय साडेआठला?"

"स्वरयंत्र काढणार. गाठ वाढलीय, श्वास अडकतोय. आज दवाखान्यात ठेवून घेतलंय, आता हलू देत नाहीत. गुरुवारनंतर मी पाटीवर लिहून बोलणार. तुला आवडेल, शुद्ध लिहीन."

"अक्का..."

"ऐक. एक गोष्ट सांगायचीय. समोर बसून. बुधवारपर्यंत ये."

"तुला माहीत आहे, मला..."

"पंधरा मिनिटं. पाठ आहे मला. मिरज चाळीस मिनिटांवर आहे, तेही पाठ आहे."

"तू आवाज नोंदवून पाठव. मी शांतपणे ऐकेन," असे मी म्हणालो. हे वाक्य मी आजवर लिहिलेल्या आणि बोललेल्या सर्व वाक्यांत निकृष्ट होते.

"नोंदवायचंच असतं तर तू कशाला हवास, भूपा? मला बोलताना तुझं तोंड बघायचंय. कुठं वाकडं होतंय ते." आणि तिने फोन ठेवला.

मी उपाय शोधू लागलो. केंद्रावर तीन पाळ्या चालतात. दुसऱ्या पाळीच्या प्रमुख रुक्साना मुजावर पहिल्या दिवसापासून इथे आहेत. पदविका घेऊन आल्या तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांच्या होत्या. आता त्यांच्या हाताखाली सहा माणसे आहेत. नियमाने अधिकार त्यांनाही आहे. त्यांच्या अंगठ्याचा ठसा फलकात नोंदलेला आहे. फक्त नियंत्रक त्यांना बोलावत नाही, मला बोलावतो. मला वाटले, ही सवय आहे, मोडता येईल.

शनिवारी दुपारी बोलावणे आले तेव्हा मी मुद्दाम उपाहारगृहात बसून राहिलो आणि मुजावरबाईंना अक्काचे सांगून पुढे पाठवले. सात मिनिटांनी त्या दारात आल्या.

"सर, उठा. पोपट ऐकत न्हाई." कामगार नियंत्रकाला पोपट म्हणत, माझ्यासमोर ते नाव पहिल्यांदाच उच्चारले गेले.

"तुम्ही काय आदेश दिलात?"

"एकोणीस नंबरला उलट श्वास, पाच मिनिटं. तीनदा दिला. तीनदा म्हणतो, आदेश अमान्य, मगदूम यांना पाचारण करा. 'पाचारण' बघा की! दुसऱ्या कुणाचं मराठी येतंय त्याला?"

मी धावत गेलो, अंगठा टेकवला, आणि पाच मिनिटांचाच आदेश दिला. तो तत्काळ मान्य झाला.

फलकाच्या आतल्या पानावर प्रत्येक तंत्रज्ञाचा विश्वासांक असतो. त्याच्या मागील निर्णयांवरून नियंत्रक तो काढतो. पंचाहत्तरच्या वर असेल त्याचाच आदेश शंकेच्या प्रसंगी चालतो. माझा सत्त्याण्णव होता. मुजावरबाईंचा नऊ.

"नऊ?" मी म्हणालो. "सात वर्षांत नऊ?"

"ते नऊ पण तुम्हाला डेंगू झाला होता त्या आठवड्याचे. तेवढ्याच नोंदी माझ्या सहीनं गेल्या."

आता पक्क्या वहीबद्दल सांगितले पाहिजे. लहानपणी दर रविवारी अक्का मला आठवड्याचे कच्चे लिखाण शाईने पक्क्या वहीत उतरवायला लावी. उतरवताना विचार स्वच्छ होतो, असे ती म्हणे, आणि ते खरे आहे. केंद्र सुरू झाले तेव्हा पाळीप्रमुखांच्या नोंदी वाचून मी अस्वस्थ झालो. "सतरा नंबर जरा कुरकुरतोय, चार मिनटं उलटा दिला, बरा वाटतोय." तापमान 'साधारण सातशे चाळीस'. ही काय शास्त्रीय नोंद झाली? मी नियम केला: पाळीवर कच्ची वही, आणि दुसऱ्या दिवशी ती मी स्वतः तपासून, अचूक आकड्यांसह, सुघटित वाक्यांत पक्क्या वहीत उतरवणार आणि खाली सही करणार. वर्ष संपले की कच्च्या वह्या रद्दीत. चार वर्षांनी नियंत्रक बसवला गेला तेव्हा त्याला शिकवायला ह्याच पक्क्या वह्या दिल्या. उत्कृष्ट सामग्री, असे बसवणारे म्हणाले. सहज वाचता येणारे एकच अक्षर, एकच शैली.

आणि एकच माणूस. त्या चार हजार दोनशे बारा नोंदी वाचून नियंत्रकाने जो निष्कर्ष काढला तो पूर्णपणे तर्कशुद्ध होता: या केंद्रात निर्णय घेणारा मनुष्य एकच आहे, बाकीचे त्याच्या भोवती हिंडतात. नंतरही मी पक्की वही थांबवली नाही, आणि रोज त्याला ती भरवत राहिलो. माझ्या दोराचा प्रत्येक पीळ माझ्या अक्षरात होता.

"कच्च्या वह्या असत्या," मी मुजावरबाईंना म्हणालो, "तर मूळ पुराव्यावरून त्याला पुन्हा शिकवता आले असते. परवान्यात तशी तरतूद आहे. मूळ नोंद हवी, आणि ज्याच्या नावावर निर्णय चढला त्याचे शपथेवर निवेदन हवे. परंतु त्या वह्या रद्दीत गेल्या."

"तुमच्या गेल्या असतील. माझ्या घरी हायत."

"कशासाठी?"

"कातडी वाचवायला, सर. उद्या काय फुटलं तर पक्क्या वहीत तुमची सही, आणि चौकशीत म्हणणार मुजावर पाळीवर होती. म्हणून रद्दीच्या गठ्ठ्यात जुनं वर्तमानपत्र घातलं, वही घरी नेली."

रविवारी सकाळी त्यांनी बेदाण्याचे एक खोके आणले. त्यात सात वह्या होत्या, कडा चिकट, पानांना गोड आंबूस वास. दिवसभर मी एका हाताला कच्ची आणि दुसऱ्या हाताला पक्की वही ठेवून नोंद न् नोंद ताडली. त्यांच्या पाळीतले एक हजार तीनशे सहा निर्णय. त्यांपैकी एक हजार एकशे अठरा ठिकाणी माझा निर्णय तोच होता जो त्यांचा. मी फक्त वाक्य घासूनपुसून घेतले होते. एकशे अठ्ठ्याऐंशी ठिकाणी मी निर्णय बदलला होता. त्या बदलांनी सत्तर वेळा भले झाले, एक्केचाळीस वेळा नुकसान, बाकीच्या वेळी काहीच नाही. मी या आकड्यांशी बराच वेळ वाद घातला. आकडे हटले नाहीत.

दुपारी साडेतीनच्या सुमारास दुसऱ्या वर्षाच्या वहीत चौदा जूनचे पान आले. "नऊ नंबर मेल्यात जमा. आज उलटी वीज देऊन बघितली, तीन मिनटं. आधी घाबरले. नंतर व्होल्टेज वर. उद्या परत बघते." पंधरा जून: "परत केलं. परत वर."

पक्क्या वहीत हाच प्रयोग सोळा जूनला आहे. माझ्या अक्षरात, आकृतीसह. तिथे मी त्याला 'उलट श्वास' हे नाव दिले आहे.

मी प्रामाणिकपणे सांगतो, ती कल्पना मला सुचल्याचा क्षण मला आठवतो. टेबल आठवते, खिडकीतून येणारे ऊन आठवते, पेनाचे टोपण आठवते. आता उमगते की तो क्षण उतरवून घेण्याचा होता. उतरवता उतरवता ती माझी झाली. चोराला निदान ठाऊक असते की वस्तू दुसऱ्याची आहे.

मुजावरबाई समोर बसून चहा पीत होत्या.

"तुम्हाला हे माहीत होते?" मी पान त्यांच्यापुढे केले.

"अहो सर, मीच केलं होतं. मला माहीत नसणार?"

"मग पुरस्काराच्या वेळी बोलला का नाहीत?"

"त्याच्या आधीच बोलले होते. तुम्ही म्हणालात, मुजावरबाई, आधी नोंद नीट लिहायला शिका." त्यांनी कप खाली ठेवला. "घरी येऊन रडले. मग म्हटलं, जाऊ दे, थप्पी तर वाचली."

मी म्हणालो, "मी उद्या निवेदन देतो."

"अक्कांसाठी देत असाल तर नका देऊ."

"का?"

"गुरुवार उलटला की परत पक्की वही सुरू करणार तुम्ही. मला एका आठवड्याची मालकीण नका करू. द्यायचं असेल तर खरं हाय म्हणून द्या."

या युक्तिवादात मला दोष सापडला नाही, आणि मी दोष शोधण्यात कसूर केली नव्हती.

सोमवारी संस्थेचे अध्यक्ष बाळगोंडा पाटील, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांच्यासमोर मी मसुदा ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मगदूम साहेब, दुसऱ्या केंद्राला मंजुरी यायला आलीय, ती तुमच्या नावावर. उलट श्वासाचे जनक म्हणून छापलंय आपण. आता जनक बदलायचा? तीन महिने थांबा की."

"माझ्या बहिणीचा आवाज गुरुवारी सकाळी साडेआठला संपतो, आण्णा."

"गाडी पाठवतो, अक्कांना हितं आणू."

"त्यांना हलवता येत नाही."

"मग आम्ही तुमच्यासाठी पोपटाला जरा फसवू. मुजावरबाईंचा अंगठा तुमच्या नावावर नोंदवून..."

"नाही," मी म्हणालो. "त्याला सात वर्षांच्या वह्यांनी फसवूनच तर मी इथे बसलो आहे."

आण्णांनी चष्मा काढला. ते चाळीस वर्षे राजकारणात आहेत आणि मनुष्य कोणत्या क्षणी विकत घेता येत नाही हे त्यांना अचूक कळते. "तुमच्याकडं काय राहणार मग?" त्यांनी विचारले, आणि त्यात उपरोध नव्हता.

मी सही केली. निवेदन एकच पान होते. त्यावर लिहिले होते की पक्क्या वहीतील पुढील एक हजार एकशे अठरा निर्णय आणि उलट श्वासाचा पहिला प्रयोग माझे नसून रुक्साना दस्तगीर मुजावर यांचे आहेत. आण्णांनी कपाळाला हात लावत शिक्का मारला.

कच्च्या वह्या नियंत्रकाला भरवायला सोमवारची दुपार आणि पूर्ण मंगळवार लागला. मुजावरबाईंचे अक्षर त्याला लागेना, म्हणून अडलेले शब्द मी टंकून दिले: 'कुरकुरतोय', 'मेल्यात जमा', 'बरा वाटतोय'. एकही शब्द बदलला नाही. चार वेळा हात थांबवावा लागला.

बुधवारी दुपारी दोन वाजता नवे विश्वासांक आले. मुजावर, एक्क्याऐंशी. मगदूम, अडुसष्ट.

मी फलकासमोर उभा होतो. पंचाहत्तरच्या खाली. म्हणजे शंकेच्या प्रसंगी आता माझा आदेश चालणार नव्हता. मी मोकळा झालो होतो, आणि मोकळे होणे इतके गार असते याची मला कल्पना नव्हती.

"चुकलाय तो," मुजावरबाई हळू म्हणाल्या. "तुमचा इतका कमी नसणार."

"नाही. एक्केचाळीस नुकसाने आहेत. हिशोब बरोबर आहे."

चार वाजता बोलावणे आले. सवयीने मी दोन पावले टाकली. पडद्यावर 'मुजावर यांना पाचारण करा' अशी अक्षरे होती. एकतीस नंबरची थप्पी. त्यांनी आलेख पाहिला, ओठ चावला, आणि चार मिनिटांचा आदेश दिला. मी सहा दिली असती. सहाच द्यायला हवी होती, असे मला आजही वाटते. तोंडापर्यंत आलेले वाक्य मी गिळले. ते पूर्ण रचलेले होते, क्रियापदासकट. आदेश मान्य झाला. त्यांनी वहीत लिहिले, "एकतीसला चार मिनटं. बघू." पक्की वही टेबलावर बंद होती.

"जावा की आता," त्या मागे न वळता म्हणाल्या.

वजनकाटा ओलांडताना मी मोटारसायकल थांबवली. खिशातल्या फोनची वाट पाहिली. तो वाजला नाही. पुढे दर दोन-तीन किलोमीटरला मी तसाच थांबत होतो. चाळीस मिनिटांच्या रस्त्याला मला तास लागला. दोर सुटलेल्या शेळीची चाल मी कधी पाहिलेली नाही, पण ती फार वेगळी नसावी.

अक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. गळा सुजला होता, नाकाला नळी होती. मला पाहून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले.

"किती मिनिटांची रजा?"

"मोजलेली नाही."

"तुझं यंत्र?"

"त्याला आता दुसरे कोणीतरी आवडते."

ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. परिचारिका आत डोकावली. अक्काने हाताने तिला जा म्हणून सांगितले. मी खुर्ची ओढून तिच्या समोर बसलो. फोन उशाच्या टेबलावर पालथा ठेवला आणि तरीही माझा एक कान त्याच्याकडेच होता. तो अजूनही असतो.

"सांगते," अक्का म्हणाली. आवाज आता जवळजवळ कुजबुजीइतकाच उरला होता, पण वर्गातल्या शेवटच्या बाकावर ऐकू जावा तसा तो नीट बांधलेला होता. "आईबद्दल आहे. मध्ये बोलायचं नाही. दुरुस्त करायचं नाही."

"नाही करणार."

तिने माझ्या तोंडाकडे पाहत सुरुवात केली, आणि सुरुवातच चुकीच्या सालाने केली. आई त्या वर्षी नव्हतीच. ती त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. मी गप्प बसलो.